आई ८१ वर्षांची, ठोके अनियमित. लय दुरुस्त करायची गोळी सुरू करावी का? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचं आहे. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

आईचं वय ८१, वजन ४८ किलो. पस्तीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या, त्यामुळे खोकला जुना आहे. बीपी आहे, साखर नाही. गेल्या वर्षी संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, चार पावलं चाललं तरी दम लागायला लागला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ठोके अनियमित पडतात) निघालं. इकोमध्ये हृदयाचा डावा वरचा कप्पा मोठा झालेला (५.२ सेंमी), पंपिंग ५० टक्के, झडपा चांगल्या.

तेव्हापासून चालू असलेल्या गोळ्या: ठोक्यांचा वेग आवरायच्या डायगॉक्सिन ०.२५ (आठवड्यातून ५ दिवस, शनिवार-रविवार सुट्टी) आणि मेटोप्रोलॉल ५०, पाणी काढायची फ्युरोसेमाइड ४० आणि अ‍ॅस्पिरिन ७५. वर्षभर बरं चाललं होतं.

गेले पंधरा दिवस मात्र जेवण तुटलंय. ऊन ४३-४४ अंशांवर आहे, आधी वाटलं उन्हानंच असेल. भाकरीचा घास तोंडात घोळवत बसते. दोनदा उलटी झाली. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. काल एका मोठ्या दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही). त्यांनी ईसीजी बघून सांगितलं, ‘ठोके अजून अनियमितच आहेत, लय दुरुस्त करू’, आणि अ‍ॅमिओडॅरोन लिहून दिली, पहिला आठवडा दिवसातून तीनदा. रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल विचारलं, तर म्हणाले वय झालंय, कुठं पडल्या तर रक्तस्राव होईल, अ‍ॅस्पिरिन पुरे.

गोळ्या आणून ठेवल्यात, अजून दिलेल्या नाहीत. या वयात अ‍ॅमिओडॅरोन चालते का? कुणाच्या घरी कुणी घेतंय का? पुण्याला न्यावं का?

पाखर | ४ मे, रात्री १०:१५

माझे बाबा चार वर्षं अ‍ॅमिओडॅरोन घेतायत. सुरू केली तेव्हा ६८ चे होते. त्याआधी महिन्यातून दोनदा छातीत धडधड व्हायची आणि रात्री-अपरात्री ईसीजीला धावायला लागायचं. गोळी लागल्यापासून एकदाही नाही. आमचा अनुभव उत्तम आहे, उगाच घाबरू नका. थायरॉईड तेवढं बिघडलं, त्याची वेगळी गोळी घेतात.

भीमाकाठ | ४ मे, रात्री १०:२२

दादा, रक्त पातळ करायच्या गोळीच्या नादी लागू नका. आमच्या चुलत्याला नाकातून रक्त आलं ते थांबंना. म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही ते.

एमडी_सातरस्ता | ४ मे, रात्री १०:३१

जुळेसोलापूरकर, मी फिजिशियन आहे. बाकी चर्चा नंतर करू, आधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

आत्ता आईंची नाडी किती आहे? मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणू नका, अनियमित नाडीत ते चुकतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडाही धरू नका. दुसरं, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम कधी तपासलं आणि किती आलं? तिसरं, त्यांना दिसण्यात काही फरक पडलाय का? रंग वेगळे दिसणं, दिव्याभोवती वलय, असं काही?

जुळेसोलापूरकर | ४ मे, रात्री १०:५८

डॉक्टर, दोनदा मोजली. एकदा ४४, एकदा ४६. मध्येच इतका वेळ ठोका येत नाही की बोट सरकलं असं वाटतं.

क्रिएटिनिन जानेवारीत १.३ होतं. कुणी काही बोललं नाही, नॉर्मलच धरलं. पोटॅशियम कधी केल्याचं आठवत नाही.

दिसण्याचं विचारलंत म्हणून आठवलं. चार दिवसांपूर्वी म्हणाली होती, ‘ट्यूब पुसून घे रे, पिवळी पडलीय.’ मी स्टुलावर चढून पुसली. ट्यूब स्वच्छच होती.

एमडी_सातरस्ता | ४ मे, रात्री ११:०३

आत्ता निघा. सकाळची वाट बघू नका. सिव्हिलची कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते, किंवा जिथे मॉनिटर आणि आयसीयू आहे असं जवळचं कुठलंही रुग्णालय चालेल. तिथल्या डॉक्टरांना हे शब्द सांगा: ‘डायगॉक्सिन चालू आहे, नाडी ४४, उलट्या, पिवळं दिसतंय.’ घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, पित्ताची, खोकल्याची, दुखण्याची, सगळ्या. अ‍ॅमिओडॅरोन देऊ नका. डायगॉक्सिन आणि मेटोप्रोलॉलची पुढची गोळीसुद्धा तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाखर | ४ मे, रात्री ११:१०

देवा. दादा, पोचलात की कळवा.

जुळेसोलापूरकर | ६ मे, दुपारी ३:२०

आई आयसीयूत आहे, पण बोलतेय. क्रिएटिनिन १.९ झालेलं, पोटॅशियम ३.१. डायगॉक्सिनची पातळी तपासायला नमुना पाठवला होता, तो रिपोर्ट आत्ता आला: २.८. डॉक्टर म्हणाले, एकाहून कमी असायला हवी. गोळी बंद केली, सलाईन हळूहळू चालू आहे, पोटॅशियम देतायत. नाडी आज सकाळी ५८.

पंधरा दिवस आम्ही तिला पित्ताचं औषध आणि लिंबू सरबत देत होतो. आणि वर रोज सकाळी आठवणीनं तीच गोळी.

होटगीरोड | ६ मे, दुपारी ४:०५

दादा, स्वतःला बोल लावू नका. आमच्या सासूबाईंचं (७४) सहा महिने असंच चाललं होतं. ठोके कमी करायची गोळी वाढवत गेले, वजन उतरत गेलं. शेवटी एका डॉक्टरांनी थायरॉईड तपासलं, टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉईड जास्त चाललेलं. त्यावर उपचार झाल्यावर ठोक्यांची गोळी अर्ध्यावर आली. म्हाताऱ्या माणसात थायरॉईड वाढल्याची लक्षणं तरुणांसारखी ठळक नसतात म्हणे. तुम्हीही एकदा करून घ्या.

एमडी_सातरस्ता | ६ मे, रात्री ९:४०

आई बोलतायत हे वाचून जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहितो, कारण हा धागा पुढे आणखी कुणीतरी उघडेल.

१.३ हे क्रिएटिनिन नॉर्मल नव्हतं. तरुण, दणकट माणसात १.३ चालून जातं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि ४८ किलोच्या म्हातारीच्या अंगात स्नायूच किती असणार? म्हणून औषधाचा डोस ठरवताना आम्ही एक जुना हिशेब करतो: १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनानं गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागायचं, आणि बाई असेल तर उत्तराला ०.८५ नं गुणायचं. तुमच्या आईंचं बघा. ५९ गुणिले ४८ म्हणजे २८३२. भागिले ९३.६ म्हणजे ३०. गुणिले ०.८५ म्हणजे जेमतेम २६. जानेवारीतच मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद मिनिटाला २६ मिलिलिटरवर होती. १.९ ला तीच १८ वर आली.

डायगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. औषध वाईट नाही. डिजिटॅलिस नावाच्या झाडाच्या पानांवर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली लिहिलं, तेव्हापासून त्या झाडातलं औषध वापरात आहे. पण त्याची गुण देणारी आणि विष ठरणारी पातळी शेजारी-शेजारी असतात. ०.५ ते ०.९ ही हवी असलेली पातळी. ‘पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी’ ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. ०.२५ च्या पाच गोळ्या सात दिवसांत वाटल्या तरी रोजचे ०.१८ होतात. आईंसारख्या पेशंटला मी द्यायचीच झाली तर रोज ०.०६२५ नं सुरू करतो.

त्यात सोलापूरचा मे महिना. घाम जातो, पाणी कमी पडतं, वरून लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड) रोजच्यासारखी चालू. मूत्रपिंड सुकतं, पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की तेवढ्याच डायगॉक्सिनचा हृदयावर मारा वाढतो. डायगॉक्सिन अंगात जास्त झाल्याचं पहिलं लक्षण बहुधा अन्नावरची वासना जाणं हेच असतं, आणि ते पित्तावर ढकललं जातं. माझ्या सत्तरीपुढच्या पेशंटना मी मार्च संपता संपता क्रिएटिनिन-पोटॅशियम करायला लावतो. लघवीच्या गोळीचा उन्हाळ्यातला डोस तेव्हाच ठरवतो.

एमडी_सातरस्ता | ६ मे, रात्री १०:२५

आता मूळ प्रश्न, अ‍ॅमिओडॅरोन.

या आजारात तीन वेगवेगळी कामं असतात आणि घरच्यांच्या मनात ती एक होऊन जातात. हृदयात रक्ताची गाठ होऊ न देणं, ठोक्यांचा वेग आवरणं, आणि लय मूळ पदावर आणणं. लोकांचा सगळा जीव तिसऱ्यात अडकतो, कारण ईसीजीवर ‘अनियमित’ हा शब्द दिसतो. वयस्कर पेशंटमध्ये माझा क्रम मी वर लिहिला तोच असतो.

२००२ साली अ‍ॅफर्म नावाचा मोठा अभ्यास आला. ४०६० पेशंट, सरासरी वय सत्तरीच्या आसपास. निम्म्यांची लय टिकवायचा प्रयत्न केला, निम्म्यांचा फक्त वेग आवरला. लय टिकवल्यानं आयुष्य वाढलं असं दिसलं नाही. २०२० साली ईस्ट नावाच्या अभ्यासानं दुसरी बाजू दाखवली: आजार सापडून वर्ष व्हायच्या आत लय सांभाळली तर पक्षाघात, हृदयविकारानं होणारे मृत्यू अशा गोष्टी एकूण कमी होतात. दोन्ही खरं आहे. पाखर यांचे बाबा ६८ चे, त्रास अधूनमधून येणारा आणि जाणवणारा, त्यांना लय सांभाळायचं औषध योग्यच होतं. जुळेसोलापूरकरांच्या आईंचा आजार सव्वा वर्षाचा, वरचा कप्पा ५.२ सेंमी. तिथे लय ओढून आणली तरी टिकायची आशा थोडी.

आणि नाडी ४४ असताना अ‍ॅमिओडॅरोन म्हणजे हळू चाललेल्या बैलाला आणखी वेसण. ती डायगॉक्सिनची रक्तातली पातळीही वाढवते, दोन्ही बरोबर द्यायची वेळ आली तर डायगॉक्सिन साधारण निम्मं करावं लागतं.

आणखी एक धोका आहे, त्याबद्दल मी फार आग्रही आहे. फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त साचतं, आत गाठ धरू शकते. लय अचानक परत आली, कप्पा पुन्हा जोरानं आकसला, की ती गाठ सुटून मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून आजार ४८ तासांपेक्षा जुना असेल तर लय परत आणण्याआधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करायचं खरं औषध लागतं, नाहीतर अन्ननलिकेतून इको करून गाठ नाही याची खात्री. गोळीनं लय बदलली तरी हाच नियम. अ‍ॅस्पिरिनच्या भरवशावर अ‍ॅमिओडॅरोन चालू करू नये.

पाखर | ६ मे, रात्री १०:४८

डॉक्टर, बाबांची काळजी वाटायला लागली. थायरॉईड बिघडलं तेव्हा अ‍ॅमिओडॅरोन बंद करायला हवी होती का?

एमडी_सातरस्ता | ६ मे, रात्री ११:०५

नाही. थायरॉईड मंदावलं असेल तर त्याची गोळी देऊन ही चालू ठेवता येते. वाढलं तर प्रकरण वेगळं. या औषधाच्या वजनात ३७ टक्के आयोडीन आहे, म्हणून थायरॉईडला झळ बसते. दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि यकृताची तपासणी, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे. कोरडा खोकला किंवा नवा दम लागला तर ‘हवा बदलली’ म्हणून सोडू नका, फुप्फुसावर परिणाम झाला आहे का ते बघावं लागतं. उन्हात जाताना अंग झाकायला सांगा, त्वचा काळी-निळी पडते. आणि हे औषध चरबीत मुरतं, बंद केल्यावरही महिनोन्महिने अंगात राहतं. चार वर्षं झालीत तर अजून गरज आहे का, एवढं हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

भीमाकाठ | ७ मे, सकाळी ७:३०

डॉक्टर, रक्त पातळ करायच्या गोळीचं मी लिहिलं होतं. चुलत्याचं खरंच झालं होतं तसं. मग म्हाताऱ्यांना द्यायची कशी?

एमडी_सातरस्ता | ७ मे, दुपारी २:१५

तुमची भीती खोटी नाही. मी स्वतः असे रक्तस्राव पाहिलेत. पण दुसरं पारडंही बघा. पक्षाघाताचा धोका आम्ही गुण देऊन मोजतो. जुळेसोलापूरकरांच्या आईंचे बघा. वय ७५ च्या पुढे म्हणून २ गुण, बीपीचा १, बाई म्हणून १, असे ४ झाले. २ च्या पुढे पक्षाघाताचा धोका औषध द्यावं इतका असतो. आणि फिब्रिलेशनमुळे होणारा पक्षाघात सहसा मोठा असतो, अंथरुणाला खिळवणारा.

अ‍ॅस्पिरिननं हे काम होत नाही. २००७ साली ब्रिटनमध्ये ७५ च्या पुढच्या ९७३ जणांवर अभ्यास झाला, निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना रक्त पातळ करायची जुनी गोळी वॉरफरिन. वॉरफरिनवर पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे साधारण सारखाच. म्हणजे अ‍ॅस्पिरिनमध्ये धोका तेवढाच, फायदा मात्र नाही. नुसत्या पडायच्या भीतीनं हे औषध नाकारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा, रात्री दिवा ठेवा, चष्मा तपासा.

चुलत्यांना कोणती गोळी होती? सोबत गुडघेदुखीचं काही घेत होते का?

भीमाकाठ | ७ मे, दुपारी ४:४०

असिट्रोम होती. आणि होय की, गुडघ्याला डायक्लोफेनॅक घ्यायचे, दुकानातनं आणून. रोज.

औषधी_भवानीपेठ | ७ मे, रात्री ८:१०

मी दुकान चालवतो, म्हणून हे माझ्या मनाला लागलं. काउंटरवर ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक आजोबांना आम्ही विचारत नाही की रक्त पातळ करायचं काही चालू आहे का. विचारायला हवं.

काउंटरवरून बघितलेल्या काही गोष्टी सांगतो. असिट्रोम, वॉरफरिन या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांनी मेथी-पालक-शेपू बंद करू नये, आठवड्यात जेवढी खाता तेवढीच ठेवावी. एका आठवड्यात रोज भाजी आणि पुढच्यात काहीच नाही असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) हलतो. तो २ ते ३ मध्ये हवा. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांपैकी रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० ची गोळी भरल्या पोटी घ्यायची असते, नाहीतर अंगी लागत नाही. आमच्याकडे एक आजी एकादशी, चतुर्थी, सोमवार असे उपवास करतात आणि त्या दिवशी चहावर गोळी घेत होत्या, वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरी नवी गोळी डॅबिगॅट्रॅन, तिची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवू नका आणि मूळ पॅकमधून काढून आठवड्याच्या डबीत भरू नका, दमट हवेनं खराब होते. डायगॉक्सिन चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, पातळी चढते.

जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय मिळतात, फक्त नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही चिठ्ठीशी ताडून बघा.

मृणाल_पुणे | ८ मे, सकाळी ११:००

माझे काका सोलापुरातच असतात, ८४ वर्षांचे, अगदी थकलेले. सात वर्षं असिट्रोमवर, आयएनआर कायम २.२-२.६. आता सगळे म्हणतात नवीन गोळीवर न्या. न्यावं का?

एमडी_सातरस्ता | ८ मे, दुपारी १:५०

बसलेली घडी मोडू नका. २०२३ साली नेदरलँड्सचा एक अभ्यास आला, नेमका अशाच थकलेल्या, ७५ च्या पुढच्या लोकांचा. जुन्या औषधावर असलेल्यांना नव्या गोळ्यांवर नेलं तर रक्तस्राव वाढले. नव्यानं सुरू करताना मात्र मी बहुतेकांना नवी गोळीच देतो. अपवाद संधिवाताच्या तापानं अरुंद झालेली मायट्रल झडप आणि कृत्रिम धातूची झडप, तिथे जुनंच औषध.

जुळेसोलापूरकर | २७ मे, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय, क्षमस्व. आई १२ तारखेला घरी आली. क्रिएटिनिन १.३ वर परत आलं, पोटॅशियम ४.२, टीएसएच ठीक. डायगॉक्सिन कायमची बंद. अ‍ॅमिओडॅरोनची स्ट्रिप दुकानात परत केली.

घरी आल्यावर नाडी हळूहळू ११५-१२० वर गेली होती, म्हणून मेटोप्रोलॉल २५ सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. खोकल्याचा पंप रोज मारत होती, त्यानंही ठोके वाढतात असं कळलं, तो आता लागेल तेव्हाच. बसल्या जागी ११० च्या आत राहिले तरी चालेल, ७०-८० चा हट्ट नको, असं आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं. अ‍ॅस्पिरिन बंद करून अ‍ॅपिक्साबॅन २.५ दिवसातून दोनदा दिलंय. पाचची का नाही विचारलं, तर म्हणाले वय ८० च्या पुढे, वजन ६० च्या आत, क्रिएटिनिन १.५ च्या वर, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असल्या की अर्धा डोस, आईच्या दोन आहेत. लघवीची गोळी पाऊस पडेपर्यंत दिवसाआड. पुण्याला न्यायची गरज नाही म्हणाले.

कॅलेंडरच्या मागे मी रोजची नाडी लिहितो. आज सकाळी भिंतीवरच्या घड्याळात बघून पूर्ण मिनिट मोजली, ८४. बाबा यंत्रमागावर होते. त्यांनी परवा तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, धोटा अजून अडकतोय. मी सांगितलं, अडकू दे, वेग बरोबर आहे.

दुपारी अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. रक्ततपासणी ९ जूनला आहे.

पाखर | २७ मे, रात्री ९:३२

फार बरं वाटलं वाचून. बाबांची अपॉइंटमेंट घेतलीय, शुक्रवारी. एक्स-रे दोन वर्षांत झालाच नव्हता.